चिठ्ठी टाकून ठरलेले उपचार

फलकावर विषय लिहिला होता ‘रुग्णालयांतील अलीकडचे संशोधन : मेडिसीनपासून सर्जरीपर्यंत’. वक्त्यांनी तो मोठ्याने वाचला, संयोजकांकडे वळले आणि म्हणाले, “एवढं सगळं मला येत नाही. ज्यांना येतं असं वाटतं, त्यांच्यापासून जपून राहा.” सभागृह हसलं. पण हे निवृत्त शल्यचिकित्सक काय बोलणार, हे त्यांना ओळखणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. दोन उपचारांपैकी कोणता चांगला हे कुणालाच माहीत नसेल, तर ज्येष्ठ डॉक्टरचं मत विचारत बसू नये, चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्या रुग्णांना हा उपचार, निम्म्यांना तो, आणि मग काय झालं ते मोजावं. हे काम मुंबई-दिल्ली करील म्हणून वाट न पाहता जिल्ह्याच्या रुग्णालयांनीच हाती घ्यावं. हा त्यांचा हट्ट. कोणताही विषय दिला तरी संध्याकाळ तिकडेच वळते.

धानाची कापणी-मळणी उरकली की गोंदियात व्याख्यानांना माणसं येतात. पुढे राइसमिलवाले आणि पेन्शनर शिक्षक, मध्ये परिचारिका, मागे २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची मुलं-मुली. “लिंडची लिंबं, १९४८ सालचं स्ट्रेप्टोमायसिन, हे तुम्हाला ठाऊकच आहे,” असं म्हणत वक्त्यांनी दोनशे वर्षं एका वाक्यात ओलांडली. चेहऱ्यांवरून ते बऱ्याच जणांना ठाऊक नसावं. जेम्स लिंड हा ब्रिटिश आरमारातला डॉक्टर. १७४७ साली त्याने स्कर्व्ही झालेल्या बारा खलाशांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. संत्री-लिंबं मिळालेली जोडी सावरली. दोन शतकांनी क्षयरोगावरच्या ब्रिटिश चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन कुणाला मिळणार हे बंद लिफाफ्यांतल्या चिठ्ठीने ठरलं. डॉक्टरच्या आवडीनिवडीला त्यात जागा उरली नाही.

मग ते घरच्या मैदानावर, म्हणजे शस्त्रक्रियेवर आले. पोटाचं ऑपरेशन झालं की जखमेत पू होतो, टाके उसवतात, रुग्ण आणखी काही दिवस खाटेवर पडून राहतो. ‘चीता’ या नावाने गाजलेल्या चाचणीने साधा प्रश्न विचारला: पोट शिवण्याआधी सर्वांनी हातमोजे बदलले आणि नवी हत्यारं घेतली तर फरक पडतो का? भारतासह सात देश, ८१ रुग्णालयं, १३,३०१ रुग्ण. कोणत्या रुग्णालयाने मोजे बदलायचे आणि कोणत्या रुग्णालयाने नेहमीसारखं काम करायचं, हे चिठ्ठीने ठरलं. २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. नेहमीच्या पद्धतीत १८.९ टक्के जखमा चिघळल्या होत्या, मोजे-हत्यारं बदलल्यावर १६ टक्के.

“म्हणजे शंभरात तीन,” पुढच्या रांगेतून एक आवाज आला, जरा निराश.

“तीनच,” वक्ते म्हणाले. “तुमच्या गिरणीत क्विंटलमागे तीन किलो तांदूळ वाया जात असेल, तर तुम्हाला रात्री झोप लागेल का जी?” यावर टाळ्या पडल्या. एका ऑपरेशनला मोज्यांचे दोन जोड मागितले असते तर स्टोअरकीपरने आपल्याला दारातूनच परत पाठवलं असतं, असंही त्यांनी जोडलं. परिचारिकांच्या रांगेत यावर जरा जास्तच हशा झाला.

त्याच सात देशांतली त्याआधीची ‘फाल्कन’ चाचणी (२०२१) त्यांना याहून प्यारी दिसली, कारण तिच्यात महाग वस्तू हरली. कातडी पुसायला पोव्हिडोन आयोडीनऐवजी अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन, साध्या धाग्याऐवजी जंतुनाशकाचा लेप दिलेला धागा, अशी महाग जोडी जगभर सुचवली जात होती. ५४ रुग्णालयांत ५,७८८ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकल्या. जखमा चिघळण्यात फरक दिसला नाही. टाटा मेमोरियलची चाचणी तर कपाटातल्याच बाटलीवर होती. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचलं, सात ते दहा मिनिटं थांबले, मग गाठ काढली. देशातल्या ११ केंद्रांतल्या सुमारे सोळाशे स्त्रिया त्यात होत्या. २०२३ साली छापलेल्या निकालानुसार पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण लिग्नोकेन न मिळालेल्यांत ८६.४ टक्के, मिळालेल्यांत ९०.१ टक्के होतं. दात काढताना हिरडीत टोचतात ते हेच औषध.

“पण हे टाटा झालं. आपलं काय?” असं स्वतःच विचारून ते महाडला पोहोचले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात विंचूदंशाचे रुग्ण पाहिले, रक्तदाबाचं प्राझोसिन वापरून त्यांचे प्राण वाचवले, आणि ते निरीक्षण ‘लॅन्सेट’पर्यंत पोहोचवलं. वक्त्यांना मात्र त्यांची २०११ सालची चाचणी सांगायची होती. नुसतं प्राझोसिन की प्राझोसिन अधिक विंचवाच्या विषावरचं प्रतिविष? फक्त ७० रुग्ण, ३५-३५. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते नुसत्या प्राझोसिनवर ८, दोन्ही मिळालेले ३२. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने ते छापलं. “महाडला मेडिकल कॉलेज होतं का?” मागच्या रांगेतून जोरात ‘नाही’ आलं. ते उत्तर त्यांना हवंच होतं.

इथपर्यंत वेळ बरी चालली होती. मग बेळगाव निघालं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हा विषय टिपणात दहा मिनिटांचा असावा. त्याला अर्धा तास लागला. पण खरं सांगायचं तर संध्याकाळचा सर्वांत भरीव भाग हाच होता. ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन थंड ठेवावं लागतं आणि ते टोचायला हात सरावलेला लागतो. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या बाईला ते मिळेलच असं नाही. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. कोडकणी, डॉ. गौडर आणि त्यांचे अमेरिकन सहकारी यांनी भोवतालच्या खेड्यांत एएनएम ताईंच्या हाती मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या. १,६२० बाळंतिणी, निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निरुपद्रवी गोळी. कोणती कुणाला, हे ताईंनाही ठाऊक नाही. २००६ साली निकाल आला: रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर. पुढे २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

“पण रक्त गेलं किती, हे त्यांनी ठरवलं कसं?” असं म्हणून वक्त्यांनी नुकतीच खांद्यावर पडलेली सत्काराची शाल टेबलावर पसरली आणि संयोजकांना काही कळायच्या आत पाण्याची बाटली तिच्यावर उपडी केली. “सांगा किती?” सभागृह बोलू लागलं. एका मिलमालकांनी अर्धा लिटर सांगितलं. एका शिक्षकांनी पाव. मागच्या मुलांनी सहाशे मिलि, सातशे मिलि असे आकडे लिलावासारखे चढवले. एक परिचारिका हात वर न करताच म्हणाली, “लिटरची बाटली आहे, सर. मी वाचलं.” टाळ्या तिला मिळाल्या. शाल मात्र वाळत घालावी लागली.

मुद्दा असा की डोळ्याला रक्त कमीच दिसतं. बेळगावच्या गटाने बाळंतिणीच्या खाली सरकवायची, तळाशी मिलिलिटरच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी बनवली आणि तिच्याशी डोळ्यांच्या अंदाजाची तुलना केली. अंदाज सरासरी ३३ टक्क्यांनी कमी भरला. तशाच खुणांच्या पिशवीला आणखी सतरा वर्षांनी आफ्रिकेत मोठं काम मिळालं. ‘ई-मोटिव्ह’ या चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं होती, दोन लाख दहा हजारांवर बाळंतपणं. चिठ्ठीत नाव निघालेल्या रुग्णालयांत पिशवीने रक्त मोजायचं, आणि खुणेपर्यंत आलं की गर्भाशय चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकामागून एक न करता एकदमच सुरू करायचं. उरलेल्या रुग्णालयांत नेहमीचा रिवाज. रिवाजात निम्मेच रक्तस्राव ओळखले जात होते, पिशवीने ९३ टक्के. लिटरभर वा जास्त रक्त जाणं, पोट उघडावं लागणं किंवा मृत्यू, यांतलं काही घडण्याचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. याच चाचणीतलं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल १९६०च्या दशकात जपानमध्ये उताको ओकामोतो या संशोधिकेने पतीच्या साथीने शोधलं. बाळंतपणात ते जीव वाचवतं याचा पुरावा २०१७ साली, २०,०६० स्त्रियांवर चिठ्ठ्या टाकल्यावर मिळाला, आणि तोही औषध पहिल्या तीन तासांत दिलं तर. जपानी बाईंबद्दल आणखी बोलायची वक्त्यांची इच्छा दिसत होती. संयोजकांनी पहिली चिठ्ठी पाठवली. “मलाही चिठ्ठी!” म्हणून त्यांनी ती खिशात घातली.

नागपूरही यात मागे नाही, हे त्यांनी घाईत सांगितलं. प्रसूतीच्या कळा चालू असताना अॅझिथ्रोमायसिनची दोन ग्रॅमची एकच मात्रा द्यायची, या सात देशांतल्या चाचणीत बेळगाव आणि नागपूर ही दोन्ही केंद्रं होती. २९,२७८ स्त्रियांत जंतुदोष वा मातामृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात बालाघाट आणि छत्तीसगडहूनही बाळंतिणी येतात; मग पुढच्या चाचणीत गोंदियाचं नाव का नसावं, असा त्यांचा सवाल होता.

इथे एक निवृत्त शिक्षक उभे राहिले. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवून बालमृत्यू कमी केले, त्यात चिठ्ठ्या होत्या का? प्रश्न नेमका होता. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या कामात ३९ गावांत सेवा होती, ४७ गावं तुलनेला होती आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं, पण गावांची वाटणी चिठ्ठीने झाली नव्हती. वक्ते क्षणभर थांबले. “६२ टक्के दिसत असतील तर चिठ्ठी नसली तरी चालतं,” ते म्हणाले, “तीन टक्के शोधायचे असतील तर लागते.” उत्तर वाजवी होतं, पण आवाज किंचित चढला होता.

त्याहून अवघड प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला. मुंबईच्या वस्त्यांत टाटाने दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत निम्म्या जणींची गर्भाशयमुखाची तपासणी व्हिनेगर लावून, प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून झाली आणि त्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या निम्म्यांना फक्त आरोग्यशिक्षण मिळालं. त्यांचं काय? या चाचणीवर खरोखरच टीका झाली आहे. त्या काळी त्या वस्त्यांत कुणाचीच तपासणी होत नव्हती, म्हणून काही हिरावलं गेलं नाही, हे नेहमीचं समर्थन वक्त्यांनी दिलं. २००९पासून चाचणीची नोंदणी सक्तीची आहे, नैतिकता समिती असते, २०१९च्या नियमांत भरपाई आहे, हेही सांगितलं. मुलीने मान हलवली नाही. कायद्याने परवानगी आहे का, हे तिला विचारायचं नव्हतंच. आणि जिल्ह्याची रुग्णालयं चाचण्यांना खुली करायची, तर संमतीच्या कागदावर अंगठा उठवणारी बाई काय समजून तो उठवते, यावर एक अख्खं व्याख्यान लागेल. ते त्या दिवशी झालं नाही.

दुसरी चिठ्ठी आली. तिच्यावर ‘सिकलसेल राहिलं’ असं लिहिलं होतं. ज्या जिल्ह्यात घरोघरी या आजाराचं नाव ठाऊक आहे, तिथे त्याच्या वाट्याला चार मिनिटं आली, हे या संध्याकाळचं खरं न्यून. मुळात कर्करोगावरचं असलेलं हायड्रॉक्सियुरिया सिकलसेलच्या वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणतं, हे १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढांवर सिद्ध झालं. तिथे मात्रा रक्ततपासण्या करत करत वाढवत नेतात. सालेकसा-देवरीहून दर पंधरवड्याला तपासणीला कोण येणार? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्या गटाने मुलांना किलोमागे १० मिलिग्रॅम अशी कमी आणि ठरावीक मात्रा देऊन चाचणी केली, आणि ती आपल्याकडच्या मुलांना पुरेशी लागू पडल्याचं २०१२ साली दाखवलं. “हाच तो प्रश्न, जो अमेरिकेने आपल्यासाठी कधीच विचारला नसता,” एवढं म्हणेपर्यंत संयोजक आभारासाठी माईकजवळ आले. वक्त्यांची नागपूरची गाडी होती.

तरी मगाचच्या परिचारिकेने त्यांना व्यासपीठाच्या पायरीवर गाठलं. पाचशे मिलि झाल्यावर धावपळ करायची असं आम्ही शिकलो, आता किती? २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय, ते म्हणाले: तीनशे मिलि आणि सोबत नाडी शंभरावर किंवा रक्तदाब उतरलेला, तर थांबायचं नाही. आणि पिशवी नसेल तर? “भिजलेली पॅडं वजनकाट्यावर ठेवा. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलि. कोरड्या पॅडचं वजन आधी करून भिंतीवर लिहून ठेवायचं, ते वजा करायचं.” तिने विचारलं, पाण्याची पिशवी आधी फुटली असेल तर गर्भजलही त्यात धरलं जाईल का? ते म्हणाले, म्हणूनच पॅड आणि पिशवी बाळ बाहेर आल्यावर सरकवायची, आधी नाही.