सांध्यावर थांबणारी गाडी
(तालुका शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



विज्ञान-प्रदर्शनात छोटी रेल्वे मांडली म्हणजे तिच्याभोवती मुलांची गर्दी जमतेच. पुण्यात भाऊ जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. सहलीस गेलेली मुले ते पाहून आली, की आपल्या शाळेतही तशी गाडी असावी असे त्यांस वाटू लागते. मग मांडणी होते व गाडी सरळ मार्गावर झोकात धावते. परंतु एका मार्गाचे दोन होतात त्या सांध्यावर येताच थबकते. पाहुण्यांसमोर शोभा होऊ नये म्हणून कोणीतरी तिला बोटाने ढकलतो. आज मला बोलावयाचे आहे ते या बोटाविषयी.

या गाडीस वीज रुळांतूनच मिळते. एक रूळ धन व दुसरा ऋण असून, १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह चाकांवाटे मोटारीत जातो. सांध्यात मात्र धन व ऋण रूळ एकमेकांस छेदतात. या छेदास ‘फ्रॉग’ म्हणतात. तो प्लॅस्टिकचा केला तर तेवढ्या जागी वीजच नसते, आणि आखूड इंजिनाची चाके नेमकी तेथे अडकतात. तो धातूचा केला तर गाडीच्या मार्गाप्रमाणे त्यास कधी धन, कधी ऋण करावे लागते. पुष्कळ तयार सांध्यांत हे काम सरकत्या पात्यांवर सोपविलेले असते. जे पाते कडेच्या रुळास टेकते, त्याच्यावाटे फ्रॉगला वीज मिळते.

दोष येथेच संभवतो. चाकास वाट दाखविण्यास पात्याचे नुसते टेकणे पुरते. विजेस मात्र स्वच्छ व घट्ट स्पर्श लागतो. धूळ, तेल किंवा गंज यांचा पातळ थर बसला, तर पाते टेकलेले दिसते, पण वीज अडते.

हे मुलांनाच शोधू द्यावे. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा तारेचा दिवा घ्यावा. त्याचे एक टोक फ्रॉगला व दुसरे विरुद्ध बाजूच्या रुळाला लावावे. लाकडी काडीने पाते दाबताच दिवा उजळला, तर दोष त्या स्पर्शात आहे. येथे एल.ई.डी. वापरू नये. समजा, स्पर्शात १० ओहम रोध आहे. एल.ई.डी. १० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल तर तेथे ०.१ व्होल्टच खर्च होईल आणि ती लखलखत राहील. पाव अँपिअर घेणाऱ्या इंजिनाचे मात्र अडीच व्होल्ट तेथेच जातील. ओहमचा नियम शिकविण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

उपाय असा, की पात्याचे काम वाट दाखविण्यापुरतेच ठेवावे. पाती फ्रॉगपासून तोडून प्रत्येक पाते आपल्या शेजारच्या कडेच्या रुळास तारेने जोडावे. त्यांना जोडणारी आडवी पट्टी प्लॅस्टिकची असावी. फ्रॉगला दुतर्फी कळीतून स्वतंत्र तार द्यावी, आणि पाती सरकविणाऱ्या दांड्यानेच ती कळ फिरावी. फ्रॉगपासून पुढे जाणाऱ्या दोन्ही रुळांच्या जोडांत प्लॅस्टिकचे तुकडे घालावेत. अन्यथा धन-ऋण भिडून शॉर्टसर्किट होईल. रूळ स्पिरिटने पुसावेत. सँडपेपरने पडलेल्या चऱ्यांत मळ अधिक साचतो. घरातील वीज रुळांत कदापि सोडू नये.

खऱ्या रेल्वेतही विजेने चालणारे पाते सरकविले एवढ्यावर कोणी विसंबत नाही. ते कडेच्या रुळास पुरते चिकटले, याची खातरजमा वेगळी विद्युत-व्यवस्था करते व त्यानंतरच सिग्नल मोकळा होतो.

म्हणून माझी विनंती अशी, की प्रदर्शनात गाडी थांबली तर तिला ढकलू नका. पाहुण्यांस पाच मिनिटे थांबवा आणि मुलांच्या हाती तो दिवा द्या. बोटाने पुढे गेलेली गाडी पुढच्या फेरीस पुन्हा तेथेच थांबते, आणि नडले की झाकावे एवढेच मुले तिच्यापासून शिकतात. ज्याने स्वतः दोष शोधला, तो मुलगा किंवा ती मुलगी उद्या शेतावरचा बंद पडलेला पंपही त्याच शिस्तीने तपासू लागेल. आपल्या शाळेतील त्या छोट्या गाडीचे खरे प्रयोजन हेच आहे.