खालच्या खोलीतली ओल बाहेरूनच अडवा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंनी केलेले भाषण)

ताईंनो, डोंगरउतारावर घर बांधायचं म्हणजे मागची बाजू खोदावी लागते, आणि खालची खोली अर्धी जमिनीत जाते. तीच खोली आपण गटाच्या मालाला देतो. नाचणी, शेंगा, मिरची, सगळी पोती तिथंच. पावसात त्याच भिंतीतून पाणी झिरपतं. माल भिजला म्हणून कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. बुरशी लागलेल्या शेंगा तर भाजूनही उपयोगाच्या नाहीत, त्यातलं विष भाजून जात नाही.

बहुतेक जणी आतून रंग मारतात. पुढच्या पावसाळ्यात त्याला फुगे येतात, लोणा दिसतो. पाणी मागून ढकलत असतं, रंग काय टिकणार? पैसे बाहेरच्या बाजूला घाला.

आधी ओल कुठली ते बघा. भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटपट्टीनं घट्ट लावा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडून घाम आला तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरून आला तर ती खोलीतल्या हवेची ओल, तिथं वारा खेळायला हवा.

मग बाहेर जाऊन फटी शोधा. पाइप, वायर आत जाते ती जागा पहिली. गवंडी तिथं घाईनं सिमेंट थापून मोकळे होतात. पाइप आणि सिमेंट उन्हात सारखे फुगत नाहीत, कडेनं फट पडतेच. तिथं वाळल्यावरही लवचिक राहणारं सीलंट भरा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. भिंतीच्या भेगेवर नुसतं वरून लिंपू नका. छन्नीनं बोटभर रुंद-खोल करा, धूळ झाडा, ओली करा, मग एक भाग सिमेंट, तीन भाग चाळलेली वाळू भरा. वॉटरप्रूफिंग पावडर पाकिटावरच्या मापानं. सात दिवस पाणी मारायचं, ह्यात आळस नको. भेग वाढत असेल किंवा भिंत पोटाला आली असेल तर मात्र जाणत्या गवंड्यालाच बोलवा.

सगळ्यात स्वस्त काम कुदळीचं. पागोळ्यांचं पाणी पन्हळीनं लांब सोडा. भिंतीलगतची माती बाहेरच्या अंगाला उतरती करा. वरच्या अंगाला, भिंतीपासून दूर, चर काढून पाणी बाजूला वळवा. पायाशीच खोल खणू नका, पाया उघडा पडतो.

हे सगळं मृगाच्या आत उरकायचं. आणि पोती आजच फळ्यांवर चढवा, भिंतीपासून हातभर लांब.