एका फुंकरीत दोन सूर



पालघर जिल्ह्यातलं जूचंद्र म्हटलं की लोक आमच्या गावच्या रांगोळीचं नाव घेतात. लग्नसराईत मात्र गावावर राज्य असतं ते बेंजोचं आणि ब्रास बँडचं. बँडमध्ये काळं, लांबट, चकचकीत कळांचं वाद्य तोंडाला लावून उभा असतो तो क्लॅरोनेटवाला. गाण्याची चाल त्याच्याकडे, बाकीचे ठेका आणि भरणा सांभाळतात. त्यानं एका वेळी एकच सूर काढायचा, हे इतकं गृहीत धरलेलं असतं की त्यावर कोणी विचारच करत नाही. आज ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्यानं नेमका तोच विचार केला.

त्याचं नाव विल्यम स्मिथ. जन्म 1926 चा, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रमेंटोचा. दहाव्या वर्षी हातात क्लॅरोनेट आलं. दैवत जॅझ क्लॅरोनेटवादक बेनी गुडमन. पोरसवदा वयात स्वतःचा जॅझ संच काढून तो नाचाच्या कार्यक्रमांत वाजवू लागला. पुढे न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संस्थेत दिवसा धडे आणि रात्री क्लबात वाजवणं असा दुहेरी संसार सुरू झाला. तो त्यानं कधी मोडला नाही. मैफलीच्या सभागृहात तो विल्यम ओ. स्मिथ, जॅझच्या अड्ड्यावर बिल स्मिथ. रेकॉर्डच्या दुकानात एकाच माणसाच्या तबकड्या दोन वेगळ्या फळ्यांवर सापडतात, आणि एका फळीचं गिऱ्हाईक दुसरीकडे सहसा फिरकत नाही.

1946 च्या सुमारास तो कॅलिफोर्नियाला परतला, दारियुस मियोंकडे शिकायला. मियो मोठे फ्रेंच संगीतकार. ज्यू असल्यानं 1940 साली फ्रान्स सोडून आलेले आणि मिल्स कॉलेजात शिकवणारे. त्यांना जॅझचं वावडं नव्हतं, उलट शिष्यांनी तेच लिहावं असा त्यांचा आग्रह. तिथेच जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेक भेटला आणि आठ वादकांचा संच उभा राहिला. विशीतल्या स्मिथनं त्या संचासाठी ‘स्किझोफ्रेनिक स्कर्झो’ लिहिलं. त्याचं दोन संगीतांत दुभंगलेपण नावातच आलं.

पण त्याची खरी कामगिरी पुढची. लुचानो बेरिओ या इटालियन संगीतकाराची ‘सेक्वेन्झा’ ही एकट्या बासरीसाठीची रचना त्याच्या कानावर आली. त्यात एके ठिकाणी बासरीतून दोन सूर एकदम निघतात. बासरीला जमतं तर क्लॅरोनेटला का नाही, असं म्हणून तो कामाला लागला. बोटं नेहमीपेक्षा वेगळ्या भोकांवर ठेवायची, ओठांचा दाब बदलायचा, फुंकर अडवून धरायची. मग आतली हवा एका सुरावर स्थिर न राहता फुटते आणि दोन-तीन सूर एकत्र उमटतात. कधी गोड, कधी कर्कश. अशी एकेक बोटरचना तपासून त्यानं टिपून ठेवली. 1963 साली ‘व्हेरिअंट्स’ ही एकल क्लॅरोनेटची रचना लिहून त्यानं हे आवाज मैफलीत आणले. तोवर शिक्षक ज्या आवाजाला चूक म्हणून शिष्याला थांबवत, तो आता स्वरलिपीत छापून आला.

एवढ्यावर तो थांबला नाही. एकाच वेळी दोन क्लॅरोनेटं तोंडात धरून वाजवू लागला, उजव्या हाताला एक, डाव्याला एक. प्राचीन ग्रीकांच्या चित्रांत औलोस नावाचं जोडनळीचं वाद्य दिसतं, तिथून त्याला हे सुचलं.

इथे आम्हा पालघर जिल्ह्यातल्या लोकांना थोडं हसू येतं. कारण जोडनळीचं वाद्य बघायला आम्हाला ग्रीसपर्यंत जावं लागत नाही. जव्हार-विक्रमगडच्या पाड्यांवर तारपा आजही वाजतो. वाळलेला दुधी भोपळा, त्यात शेजारी शेजारी बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणानं बुजवलेले. नळीच्या तोंडाशी एकच पाती असते. सनईला पत्तीची जोडी लागते, क्लॅरोनेटला एकच. म्हणजे कूळ बघायला गेलं तर तारपा सनईचा नव्हे, क्लॅरोनेटचा भाऊबंद. फरक असा की तारप्याची पाती भोपळ्याच्या पोटात असते. वादकाचा ओठ तिला लागतच नाही, म्हणून सूर ओठानं वळवता येत नाही. सगळा खेळ बोटांचा आणि न तुटणाऱ्या श्वासाचा. गालात हवा साठवून ती ढकलत असतानाच नाकानं श्वास घ्यायचा, आणि भोवतीचा नाच थांबेपर्यंत घेत राहायचा. वादकानं चाल बदलली की फेर धरणाऱ्यांचे पाय बदलतात.

जव्हारजवळच्या वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना 2026 साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘परंपरा जपली’ असं लिहिलं. खरंच आहे ते. पण स्मिथनं पुढे जिथे शिकवलं त्या सिएटलमध्ये कोणी दोन नळ्या एकदम वाजवल्या की तो प्रयोग आणि वाळवंड्यात वाजवल्या की ती परंपरा, ही वाटणी मला पटत नाही. तारपा ज्यानं पहिल्यांदा बांधला, त्यानंही कधीतरी भोपळा हातात घेऊन ‘यात दुसरी नळी घालून बघू’ असं म्हटलंच असणार.

स्मिथला कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. त्याला कारखान्यात बनलेल्या, कळांनी जखडलेल्या वाद्याशी झगडून जे मिळवावं लागलं, ते तारप्याला बांधणीतच मिळालेलं आहे. शिवाय हा माणूस हेकट नव्हता. 1966 पासून 1997 पर्यंत वॉशिंग्टन विद्यापीठात त्यानं शिकवलं, आणि मध्येच ऐंशीच्या दशकात ब्रूबेकच्या चौकडीत परत जाऊन सरळ जॅझही वाजवलं. 29 फेब्रुवारी 2020 रोजी, 93 व्या वर्षी तो गेला.

ऐकायचं असेल तर एकदम ‘व्हेरिअंट्स’ लावू नका, घरचे रेडिओ बंद करायला सांगतील. आधी ब्रूबेकबरोबरची 1961 ची ‘निअर-मिथ’ ही तबकडी ऐका. क्लॅरोनेटचा आवाज ओळखीचा वाटू लागला, की मग त्या दुसऱ्या फळीकडे वळा.