मुंबईच्या गोदीतली ‘ट्रिंकोमाली’



इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूल बंदरात तीन डोलकाठ्यांची एक युद्धनौका आजही पाण्यावर तरंगते आहे. नाव ‘ट्रिंकोमाली’. ब्रिटनच्या तरंगत्या युद्धनौकांत सर्वांत जुनी हीच, आणि ती बांधली आपल्या मुंबईच्या गोदीत!

नेपोलियनशी झुंजताना ब्रिटनला जहाजांसाठी ओकचे लाकूड पुरेना. इकडे मलबारचा साग होता. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागातले तेल त्यांना जपते. शिवाय मुंबईत जहाजे बांधणारे वाडिया होते. लवजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून इथे आले. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी तेव्हा गोदीचे मास्टर बिल्डर होते. १८१२ मध्ये नौदलाने या फ्रिगेटची मागणी नोंदवली आणि आराखडे ‘जावा’ जहाजावरून धाडले. ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तेव्हा ब्रिटनशी लढत असलेल्या अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेने ‘जावा’चा पाडाव करून ती जाळली. नव्या प्रती मागवाव्या लागल्या. अखेर १८१६ मध्ये, पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकून काम सुरू झाले, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी नौका पाण्यात उतरली.

तोवर नेपोलियनशी चाललेले युद्ध संपले होते. पोर्ट्समथला पोचलेली ही नवी कोरी नौका पंचवीसहून अधिक वर्षे नुसती उभी राहिली. पुढे १८४७ ते १८५७ या काळात तिने वेस्ट इंडीज आणि प्रशांत महासागरात गस्त घातली. मोठी लढाई तिच्या वाट्याला आली नाही. मग ती प्रशिक्षण नौका झाली आणि १८९७ मध्ये भंगारात विकली गेली. उद्योजक जॉर्ज व्हीटली कॉब यांनी ती विकत घेतली, म्हणून वाचली. ‘फुद्रोयां’ या नव्या नावाने तिने १९८६ पर्यंत तरुणांना दर्यावर्दी जीवनाचे धडे दिले.

१९८७ मध्ये तिला हार्टलपूलला नेले. डागडुजीला दशकाहून अधिक काळ लागला, जुने नावही परत मिळाले. या नौकेच्या इतिहासात जमशेटजींचे नाव मानाने घेतले जाते, ते योग्यच. पण करवत ओढणाऱ्या, तासणी चालवणाऱ्या, फळीला फळी भिडवणाऱ्या मुंबईच्या सुतारांची नावे त्यात नाहीत, याची मला फार रुखरुख वाटते. कारण डागडुजीनंतरही तिच्यातले निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे, त्यांच्याच हातचे.