रेषेनं हलावं, माणसानं नव्हे

(चेंबूर येथे गिरणी कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



इथल्या एका वस्तीला आपण सगळे 'कॅम्प' म्हणतो. तिथं पक्की घरं झाली, दुकानं झाली, पण नाव कॅम्पच राहिलं. नळावर किंवा जागेवरून भांडण झालं की आपल्यातलाच कुणीतरी बोलून जातो, "हे निर्वासित! आपल्या जागा बळकावायला आले." खोटं कशाला सांगावं, आम्हीही हे बोललेलो आहोत. म्हणून आज आधी स्वतःचाच कान पिळतो आणि मग बोलतो.

काही मंडळींना वाटेल, भाषिक राज्याच्या सभेत सिंध्यांची गोष्ट कशाला? शेवटपर्यंत ऐका. गोष्ट आपलीच आहे.

१९३६ सालापर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीचा कारभारही मुंबईहून चाले. तिथं मराठी वस्ती होती. कराचीतली सगळ्यात जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावानं ओळखली जाते. म्हणजे कराचीचा माणूस आपल्याला काही परमुलखातला नव्हता. मालवणचा माणूस मुंबईला येतो, तसा तो बोटीनं मुंबईला येई आणि परत जाई.

मग १९४७ साल आलं. पंजाब आणि बंगालची सीमा आखायला रॅडक्लिफ नावाचा साहेब विलायतेहून आणला. त्यानं हा देश आधी पाहिलेला नव्हता. पाच-सहा आठवड्यांत त्यानं रेघ ओढली, आणि ती लोकांना कळली १७ ऑगस्टला. स्वातंत्र्य १५ ला आणि सीमा १७ ला! मधले दोन दिवस कित्येक गावांना आपण कुठल्या देशात आहोत हेच माहीत नव्हतं.

पंजाब वाटला, बंगाल वाटला. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. तिथल्या हिंदूंनी सुरुवातीला काय केलं? बरेच जण तिथंच राहिले. घर होतं, दुकान होतं, शेजार होता. 'राज्य बदललं म्हणून गाव सोडायचं का?' असा त्यांचा हिशेब. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली, लुटालूट झाली, आणि माणसांनी बंदर गाठलं. बोटी भरभरून मुंबईला लागल्या. लढाईच्या काळातल्या लष्करी छावण्यांत त्यांना ठेवलं. कल्याणच्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं. आपल्या चेंबूरचा झाला कॅम्प. एका बराकीत अनेक संसार, मधे गोणपाटाचा पडदा. आपल्या चाळीची दहा बाय बाराची खोली आपल्याला नरक वाटते ना? तिथं भिंतसुद्धा नव्हती.

आता सांगा, यांनी देश निवडला, असं आपण म्हणायचं का? भर रस्त्यात मानेवर सुरी ठेवून कुणी विचारलं, 'पाकीट देतोस की जीव?' तर त्याला निवड म्हणत नाहीत.

बरं, आल्यावर तरी सुटका झाली? आमची शाळा चौथीपर्यंतची. पण घटनेचं सहावं आणि सातवं कलम आम्ही युनियनच्या कचेरीत दोनदा वाचून घेतलं. त्यातली तारीख ध्यानात ठेवा : १९ जुलै १९४८. त्याआधी येऊन इथं राहिला तो नागरिक. त्यानंतर जो आला त्यानं अर्ज करायचा, सहा महिने राहिल्याचं दाखवायचं, अधिकाऱ्याकडे नोंद करायची. गिरणीचा भोंगा वाजून दरवाजा बंद झाल्यावर जो पोचतो त्याची काय गत होते ते बदली कामगाराला विचारा. माणूस तोच, हात तेच, पण हजेरीपटावर नाव नाही.

आणि दुसऱ्या बाजूचंही बोलू. समजा मदनपुऱ्याचा एखादा मुसलमान विणकर त्या वेळच्या भीतीनं कराचीला गेला आणि दोन वर्षांनी त्याला आपला माग आठवला. १ मार्च १९४७ नंतर जो गेला तो परका ठरला. पुन्हा वसायच्या परवान्यावर आला तरच त्याला दार उघडं. भीती दोन्ही काठांवर सारखीच होती, बंधूंनो. रेघेनं दोघांनाही विचारलं नाही.

सिंधी माणसाचं आणखी एक गेलं, आणि ते आपल्याला सगळ्यात आधी कळायला पाहिजे. मराठीला राज्य मिळालं १ मे १९६० ला, १०६ हुतात्म्यांच्या रक्तावर. त्याच दिवशी गुजरातीला मिळालं. कानडीला १९५६ साली मिळालं. सिंधीला या देशात एक तालुकासुद्धा नाही. घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचं नाव यायलाही १९६७ साल उजाडलं. ज्या भाषेसाठी आपली माणसं गोळ्या झेलून पडली, तिचं मोल आपल्याला ठाऊक आहे. मग ज्याच्या भाषेला पाय टेकायला जमीन उरली नाही, त्याला आपण 'निर्वासित' म्हणून हिणवायचं?

आता आपल्या दाराशी या. गोवा. १९६१ पर्यंत बांद्याच्या पुढं पत्रादेवीला परदेश सुरू होत होता. सावंतवाडीची लेक पेडण्यात दिलेली, आणि मधे पोर्तुगीज शिपाई. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रही ही सीमा ओलांडायला गेले, तर त्यांच्यावर गोळ्या घातल्या. त्या साली सीमा बंद झाली, रेल्वे बंद झाली. मुंबईत राबणाऱ्या गोवेकराला आईच्या मर्तिकाला जाणं मुश्किल झालं.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. तिथं काय केलं पाहा. २८ मार्च १९६२ ला हुकूम निघाला : ज्याचा, ज्याच्या आईबापांचा किंवा आजाआजीचा जन्म तिथला, तो भारताचा नागरिक. ज्याला जुनंच नागरिकत्व ठेवायचं असेल, त्यानं महिन्याभरात तसं लिहून द्यावं. मुदत तोकडी होती हे खरं. पण सर्वांना आधी हजेरीपटावर घेतलं आणि नको असेल तर 'नाही' म्हणायची सोय ठेवली.

पुढं १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात सार्वमत झालं. महाराष्ट्रात यायचं की वेगळं राहायचं? फूल की दोन पानं? आपण सगळे फुलाच्या बाजूचे. निकाल लागला. वेगळं राहण्याला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०. आपण हरलो. आजही काही मंडळींच्या मनात ते सलतं. आमच्याही मनात सलतं. पण गड्यांनो, लोकेच्छा म्हणजे आपल्या मनासारखी तेवढीच लोकेच्छा नव्हे. युनियनच्या निवडणुकीत पडलो म्हणून मतपेटी फोडायची नसते. त्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. ते मानलं तरच उद्या आपल्याला तोंड वर करून बोलता येईल.

आणखी एक दाखला, अलीकडचा. भारत आणि बांगलादेश यांच्या सीमेवर १६२ तुकडे असे होते की जमीन एका देशाची आणि भोवती दुसरा देश. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. त्याआधी माणसांना विचारलं, 'कुठला देश पाहिजे?' भारताच्या पोटातल्या ५१ तुकड्यांतले चौदा हजारांवर लोक भारताचे नागरिक झाले. बांगलादेशाच्या पोटात होते १११ तुकडे. तिथल्या सुमारे सदतीस हजारांपैकी हजाराच्याही आतच माणसांनी भारत मागितला. बाकीचे राहिले जिथं होते तिथं. याचा अर्थ काय? मोकळेपणानं विचारलं तर बहुतेक माणूस घर निवडतो. चूल जिथं आहे, शेत जिथं आहे, बापाला जिथं पोचवला, ती बाजू निवडतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच : रेषेनं माणसासाठी हलावं, माणसानं रेषेसाठी हलू नये.

आता या मापानं बेळगाव मोजा. १९५६ पासून बेळगाव, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाला कुणी मतपेटी देऊन विचारलं नाही. १९६६ साली महाजन आयोग नेमला. त्यानं पुढच्या वर्षी २६४ गावं महाराष्ट्राला द्यायला सांगितली, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर होतं तिथंच ठेवलं. महाराष्ट्रानं ते मानलं नाही, आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. आपली मागणी साधी आहे : खेडं हा घटक धरा, सलगता पाहा, भाषा पाहा, आणि लोकांना विचारा. हीच फूटपट्टी उलटी लावली आणि आपल्याकडचं एखादं कानडी गाव तिकडं जातो म्हणालं, तर आपणही 'हो' म्हटलं पाहिजे. सोयीपुरतं तत्त्व हे मालकाचं हत्यार आहे, कामगाराचं नव्हे.

ती सीमा दोन राज्यांची आहे, दोन देशांची नाही, हे आम्ही जाणतो. तिथं सिंधसारखी आग लागली नाही. पण बेळगावात मराठी पाटी मागणाऱ्याला जे ऐकवतात ते ऐका : "मराठी पाहिजे तर महाराष्ट्रात चालता हो." आणि आपण कॅम्पवाल्याला भांडणात काय सुनावतो? "आला तिकडं चालता हो." शब्द एकच आहे ना? मग बेळगावात आपल्याला तो झोंबतो आणि चेंबूरात गोड कसा लागतो?

तेव्हा इथून घरी जाताना एवढं करा. आजपासून हा शब्द आपल्या तोंडातून जाऊ द्यायचा नाही. कॅम्पातल्या शेजाऱ्याला सीमालढ्याचं हे पत्रक द्या आणि बेळगाव काय आहे ते समजावून सांगा. घर सोडावं लागणं म्हणजे काय, ते त्याला आपण शिकवायची गरज नाही. तोच आपल्याला सांगेल.

सीमाभागातील मराठी जनतेचा विजय असो!
कामगार एकजुटीचा विजय असो!
जय महाराष्ट्र!