बाईने चार लोकांत बोलावे की नाही?
(सोलापूर येथील सभेत दिलेले भाषण)



बाईने चूल सांभाळावी, चारचौघांत तोंड उघडू नये, असे सांगणारे सर्वच जातींत व धर्मांत आहेत. आपल्यातील काही मुसलमान बांधव तर हे इस्लामच्या नावाने सांगतात. तेव्हा इस्लामच्या आरंभी काय घडले, ते आज पाहू.

इ. स. ६२२ साली मक्केजवळ अकबा येथे मदिनेच्या सत्तरांवर माणसांनी पैगंबरसाहेबांना रक्षणाचे वचन दिले. त्यांत दोन बायका होत्या. त्यांतली एक नुसैबा. पुढे ६२५ साली उहुदच्या लढाईत भलेभले पुरुष मागे हटले, तेव्हा ती तलवार घेऊन उभी राहिली व जखमी झाली. कुराणाच्या साठाव्या अध्यायात बायका शपथ घ्यायला आल्या तर ती घ्यावी, अशी आज्ञा आहे. शपथ घेते ती बाई स्वतः. तिच्या वतीने बापाने किंवा नवऱ्याने घ्यावी असे तेथे नाही.

हजरत खदिजा व्यापार करीत. लग्नाआधी पैगंबरसाहेब त्यांचाच माल घेऊन शामदेशी गेले होते. शिफा नावाच्या बाईने हजरत हफसांना लिहिणे शिकविले. ६२८ साली हुदैबियाच्या तहानंतर अनुयायी रुसून बसले, कोणी उठेना. तेव्हा हजरत उम्मे सलमांनी सुचविले, की कोणाशी न बोलता कुर्बानी आधी आपण स्वतः करा. पैगंबरसाहेबांनी तसेच केले आणि सगळे उठले. बायकोचा सल्ला ऐकण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

अरबस्तान लांब राहिले म्हणाल, तर आपला भुईकोट किल्ला पाहा. निजामशहाने तो लेक चांदबिबी हिच्या लग्नात विजापूरकरांना आंदण दिला. तीच चांदबिबी १५८० नंतर विजापुरात बालराजाच्या नावे कारभार पाहत होती आणि १५९५-९६ साली मोगलांच्या वेढ्यात तिनेच अहमदनगर राखले. तिच्या बाई असण्यावरून तेव्हा राज्य बुडाले नाही!

मग आज काय अडते? महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. पण कित्येक ठिकाणी बाई सही करते आणि खुर्चीत नवरा बसतो. आपल्या शहरात विडी वळून संसार चालविणाऱ्या बाईला घामाचा हिशेब येतो. तिला वॉर्डाच्या पाण्याचा व गटाराचा हिशेब कळणार नाही काय?

भाऊंनो, एवढेच करा : मुलीची शाळा अर्ध्यावर सोडवू नका, सभेत घरच्या बाईला सोबत आणा, आणि ती बोलू लागली तर मध्ये बोलू नका. भगिनींनो, तुमची खुर्ची तुम्हीच घ्या. धर्म आड येतो असे कोणी म्हटले, तर त्याला नुसैबेचे नाव सांगा.