अर्धशिशी आणि नाकाची वाट



कामगार चळवळीतल्या माणसाने औषधावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आम्ही डॉक्टर नव्हे. जे शिकलो ते वाचनालयात बसून. पण अर्धशिशी हा आमच्याही कामाचा विषय आहे. मोडलेला हात मुकादमाला दिसतो, ठणकणारे डोके दिसत नाही. म्हणून अर्धशिशीवाला कामचुकार ठरतो. बायकांत हा विकार पुरुषांच्या सुमारे तिप्पट. तेव्हा हा बोल त्यांनाच अधिक लागतो.

गोळी घ्यावी, तर अर्धशिशी उठली म्हणजे पोटाचे कामही मंदावते. गोळी तशीच पडून राहते, नाहीतर उलटून पडते. सुमाट्रिप्टनच्या गोळीचा सुमारे सातवा हिस्साच रक्तात पोहोचतो. सुई लवकर गुण देते, पण पाळीवरच्या बाईने ती कोठे टोचून घ्यावी? म्हणून शास्त्रज्ञांनी नाकाची वाट धरली. आपल्याला ती नवी नाही. आयुर्वेदात नस्य आहे. आणि तपकिरीची तरतरी किती झटकन येते, हे आपले आजोबा जाणत होते. नाकाच्या अस्तराखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे.

परंतु वाट सोपी नाही. एका नाकपुडीत जेमतेम दशांश मिलिलिटर, म्हणजे दोनतीन थेंब, मावतात. सारी मात्रा तेवढ्यात विरघळली पाहिजे. त्यातच नाकातील सूक्ष्म केस श्लेष्मा अखंड घशाकडे ढकलतात आणि पाव तासाच्या आसपास निम्मे औषध झाडून नेतात. १९९७ साली अमेरिकेत मान्य झालेल्या सुमाट्रिप्टनच्या फवाऱ्याचा बराच भाग असाच घशात उतरतो, कडू लागतो आणि अखेर पोटातच जातो.

यावर युक्त्या निघाल्या. २०१६ साली भुकटी मान्य झाली. रोग्याने तोंडाने नळीत फुंकायचे. टाळू उचलून घशाची वाट बंद होते व भुकटी नाकात खोल जाते. २०१९ साली शोषण वाढविणारे द्रव्य मिसळलेला फवारा आला. त्यात मात्रा २० ऐवजी १० मिलिग्रॅम. २०२३ साली झावेजेपंट आले. ते ट्रिप्टनांप्रमाणे रक्तवाहिन्या आवळीत नाही. नाकाच्या उबेने घट्ट होणाऱ्या जेलीवरही प्रयोग चालू आहेत.

आता आमचा प्रश्न. सुमाट्रिप्टनचे मूळ पेटंट केव्हाच संपले. पण नव्या नळीचे, नव्या मिश्रणाचे पेटंट नवे असते. औषध जुने, किंमत मात्र नवी! १९७० च्या कायद्याने आपल्याकडे औषधाच्या कृतीलाच पेटंट मिळे. २००५ पासून खुद्द औषधालाही मिळू लागले. तेव्हा शास्त्राने शोधलेली वाट गिरणीच्या दारापर्यंत पोहोचते की नाही, यावर नजर ठेवणे हे आपले काम आहे.

आणखी एक. ट्रिप्टन महिन्यातून दहा वा अधिक दिवस घेत राहिल्यास त्यानेच डोकेदुखी जडू शकते. म्हणून "फवारा मारा आणि यंत्रापुढे उभे राहा" असे कोणी म्हणू लागला, तर त्याला सांगा: औषध हे विश्रांतीच्या जोडीला आहे, तिच्या बदली नव्हे. अंधारी खोली आणि पगारी रजा यांची मागणी आम्ही सोडलेली नाही, सोडणारही नाही.